बावीस झगे आणि खिळ्यावरची टेप

नाताळच्या आधीच्या रविवारी उपासना संपली आणि आमच्या गायनमंडळातल्या बावीस जणांनी नवेकोरे पांढरे झगे अंगात चढवले. बावीसच्या बावीस जणांचे घोटे उघडे पडले.

सगळ्यांत आधी दिसले ते शिडीकाकांचे मोजे. शिडीकाका म्हणजे आमच्यातले सर्वांत उंच आणि सर्वांत खालच्या पट्टीत गाणारे गृहस्थ. त्यांचा एक मोजा काळा होता आणि एक निळा, आणि ही गोष्ट गेली कित्येक वर्षं जुन्या झग्याखाली सुखाने झाकलेली असावी. बाह्यासुद्धा मनगटाच्या वर चढल्या होत्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. "हल्ली अशीच फॅशन आहे म्हणे," गायनमंडळाचे मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या त्या चांगुलपणाचा मला इतका राग आला की मी स्वतःच्याच बाह्या खाली ओढत राहिले.

झगे माझ्या बाबांनी शिवले होते. बाबा दाराशी उभे होते, ओठांत दोन टाचण्या धरून. त्यांना लांबून काही दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनची तारीख सहा जानेवारी. पण शांतता त्यांना ऐकू आली. ते पुढे आले, शिडीकाकांच्या झग्याची खालची कड दोन बोटांत धरली, मग तिथून जमिनीपर्यंत वितीने मोजलं. मग दुसऱ्याचा झगा, मग तिसऱ्याचा. चौथ्यापाशी थांबले आणि टाचण्या तोंडातून काढून कॉलरमागे खोचल्या.

"काढून द्या सगळे," ते म्हणाले. एवढंच.

आमच्या घराची रचना साधी आहे. पुढे दुकान, मागे आम्ही. दुकानात कापायचं एक मोठं लाकडी टेबल आहे आणि त्याच्या कडेला दर इंचावर एक पितळी चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकलेली आहे, दर सहा इंचांवर जाड डोक्याची. टेबल नवीन होतं तेव्हाच बाबांनी त्या चुका ठोकल्या होत्या. मोजायला मान वाकवावी लागू नये म्हणून. डोळे गेले तसं ते टेबलच त्यांचे डोळे झालं. बोटं चुकांवरून फिरवत ते असे कापायचे की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. अडचण एकच होती. माणसांच्या अंगाला चुका ठोकता येत नाहीत. म्हणून नोव्हेंबरमध्ये चर्चने झग्यांचं काम दिलं तेव्हा ठरलं, की मापं मी घ्यायची, कापायचं आणि शिवायचं बाबांनी.

"डोळ्यांच्या आधी एवढं एक काम पुरं करतो," बाबा म्हणाले होते. पंधरा वर्षांपूर्वीचे करडे झगेही त्यांचेच, आणि आता कोपरांशी विरलेले.

"आणि हिची परीक्षा?" आई म्हणाली होती. आई हॉस्पिटलच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे. रोज चारशे चादरी तिच्या नजरेखालून जातात, त्यामुळे माणसांनाही ती डाग शोधल्यासारखीच पाहते. "बावीस तारखेला प्रॅक्टिकल, चोवीसला पेपर, त्यात गाण्याची तालीम, त्यात ही मापं. एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"सगळं होईल," मी म्हटलं होतं. मी तेव्हा फारच शूर होते.

त्या रविवारी दुपारी बाबांनी झग्यांची दोन्ही गाठोडी टेबलावर ठेवली आणि मला मापांची वही आणायला सांगितली.

"वाच."

मी वाचलं. शिडीकाका, लांबी सत्तावन्न. मास्तर, बावन्न. सगळ्यांत लहान मुलगी, एकोणचाळीस. बाह्या, खांदे, छाती. माझं अक्षर चांगलं आहे आणि आकडे तर छापल्यासारखे.

"मापं नीट घेतली होतीस ना?"

"हो बाबा. दोन-दोनदा."

"मग वही बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझा आकडा चुकायचा नाही. म्हणजे माझाच हात गेला."

ते उठले, कात्री घेतली. ती त्यांच्या कोपराएवढी लांब आहे आणि तिला आमच्या घरात कोणी हात लावत नाही. त्यांनी तिला तेल दिलं, पात्यांवरून कापूस फिरवला, फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळली आणि कापडाच्या किनारीच्या पट्टीने वरून गाठ मारली. एक मारली, मग तिच्यावर दुसरी. मग मास्तरांना फोन करून सांगितलं, की यंदा जुनेच झगे घाला, आणि आम्हाला म्हणाले, गिऱ्हाइकांना कळवा, की एकतीस तारखेपासून दुकान बंद.

"अहो, डोळे तरी होऊ द्या," आई म्हणाली.

"डोळ्यांनी कापत नव्हतोच मी," बाबा म्हणाले. "बोटांनी कापत होतो. ती गेली तर डोळे काय करायचेत?"

आई गप्प बसली. आई गप्प बसते तेव्हा प्रकरण गंभीर असतं. मला वाईट वाटलं, फार वाटलं, आणि लिहायला लाज वाटते पण थोडं हायसंही वाटलं, की वही तरी बरोबर निघाली. संध्याकाळी मी प्रॅक्टिकलची तयारी करायला बसले आणि मागून एकदाही मशीनचा आवाज आला नाही. एकोणीस वर्षांत त्या आवाजाशिवाय मी कधी अभ्यास केला नव्हता, म्हणून की काय, तेच तेच पान तीनदा वाचलं.

सोमवारी सकाळी प्रॅक्टिकल. मला लंबक आला होता. दोऱ्याची लांबी मोजायची, हेलकावे मोजायचे, त्यावरून उत्तर काढायचं. माझं उत्तर तिन्ही वेळा चुकलं. सर आले, माझ्या कागदावर वाकले.

"तीनदा चूक, आणि तिन्ही वेळा एकाच बाजूला," ते म्हणाले. "यावरून काय कळतं?"

"माझा हात चुकतोय, सर."

"हात चुकला असता तर एकदा जास्त आलं असतं, एकदा कमी. हाताला एवढी शिस्त नसते. सगळ्या चुका एकाच बाजूला असतील तर आधी काय तपासायचं?"

"मोजपट्टी," मी म्हटलं. पट्टीचं टोक झिजून जवळजवळ अर्धा सेंटिमीटर नाहीसं झालं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगणच खरोखर वाकडं होतं. सरांनी दुसरी पट्टी आणायला सांगितलं. ती माझ्या लॉकरमध्ये होती. मी लॉकर उघडला आणि पट्टीशेजारी पिवळ्या रंगाचं एक वेटोळं दिसलं.

ती आमच्या दुकानातली टेप होती. नोव्हेंबरमध्ये सरावासाठी मीच आणलेली. बाबांना न विचारता, कारण विचारलं असतं तर ते म्हणाले असते, दुकानातली वस्तू दुकानातच राहते.

मी टेप हातात घेतली. मापं घ्यायच्या रविवारी घाईघाईने ड्रॉवर उघडला होता तेव्हा ही टेप तिथे नव्हती. असणार कुठून? बाबांच्या गळ्यातली मागितली असती तर ड्रॉवरमधली कुठे गेली हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली टेप काढली. पांढरी कापडी टेप, पितळी टोकाची, बाबांना शिवण शिकवणाऱ्या वस्तादांची. मापं झाल्यावर हळूच परत टांगली आणि विसरून गेले.

बावीस झगे. बावीसही तोकडे, एकही लांब नाही. हाताला एवढी शिस्त नसते.

पळत सुटावंसं वाटलं, पण सुटले नाही. प्रॅक्टिकल सोडून घरी गेले असते तर बाबांनी मला उभी कापली असती, कात्री बांधलेली असली तरी. मी नवी पट्टी घेतली, दोरा पुन्हा मोजला, हेलकावे पुन्हा मोजले, उत्तर काढलं, कागद दिला. शेवटचा आलेख जरा वेडावाकडा झाला. मग मात्र पळाले.

बाबा दुकानात होते. गिऱ्हाइकांचं न कापलेलं कापड घड्या घालून, चिठ्ठ्या लावून परत करायला ठेवत होते. मी दप्तर खाली टाकलं आणि झग्यांची गाठोडी सोडली.

"त्यांना हात लावू नकोस," बाबा म्हणाले.

"लावणार."

मी सहसा असं बोलत नाही. ते थांबले. मी शिडीकाकांचा झगा टेबलावर पसरला आणि पिवळ्या टेपने मोजला. मग मास्तरांचा. मग त्या लहान मुलीचा. एकेक आकडा मोठ्याने म्हणत गेले आणि शेजारी वही उघडी ठेवली. सत्तावन्न. बावन्न. एकोणचाळीस. बाह्या, खांदे, सगळं. बावीस झगे मोजून झाले तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता.

"बाबा, झगे वहीबरहुकूम आहेत. दोऱ्याचाही फरक नाही. तुमचा हात चुकलेला नाही."

"मग तोकडे कसे?"

"वही चुकलीय."

मी खिळ्यावरची टेप काढली, दोन्ही टेपांची टोकं टेबलाच्या कडेला जुळवून ठेवली आणि बाबांचं बोट धरलं. त्यांनी हात ओढून घेतला नाही. त्यांचं बोट मी दोन्ही टेपांवरून सरळ नेलं. पिवळी साठ इंचांवर संपली. वस्तादांची टेपही साठच इंचांची, पण ती पुढे जातच राहिली. बाबांच्या बोटाखाली पितळी चूक आली, मग आणखी एक, आणि मग थोडं पुढे जाऊन पितळी टोक लागलं. सव्वादोन इंच.

"ताणलीय," ते हळू म्हणाले.

"मी हिने मापं घेतली. खरं माप चौपन्न असेल तर ही बावन्न सांगते. पिवळी मी कॉलेजात नेली होती. न विचारता. तुम्हाला सांगितलं नाही." हे मी एका दमात म्हटलं, कारण मध्ये श्वास घेतला असता तर पुढचं वाक्य आलंच नसतं.

बाबा बोलले, आणि आवाज चढवून बोलले, जे ते वर्षातून एकदा करतात.

"ती टेप तिथे का टांगलीय माहितेय? ताणली म्हणून! वस्तादांनी स्वतः माझ्या हातात देऊन सांगितलं होतं, ही खोटी झालीय, हिने मोजू नकोस. मी ती टाकायला हवी होती. पण त्यांच्या हातातली म्हणून जिवावर आलं. खोटं माप भिंतीवर टांगून मी वीस वर्षं त्याच्याखाली बसलो, आणि घरात कोणाला त्याबद्दल एक शब्द सांगितला नाही."

"पण काढली मी."

"हो. काढली तू." ते स्टुलावर बसले. "आणि काल मी म्हटलं, तुझा आकडा चुकायचा नाही, तेव्हा तुला काही आठवलं नाही?"

"नाही आठवलं. खरंच नाही." मला रडू आलं. "मला वाटलं, तुमचेच डोळे. सगळ्यांना वाटलं तसंच."

हे ऐकून त्यांचा चेहरा जसा झाला तसा मी कधी पाहिला नव्हता. मी ते बोलायला नको होतं, पण ते खरं होतं, आणि त्या दिवशी मी खरं बोलायला सुरुवात केली होती. थांबायची सोय नव्हती.

"खाली माया किती ठेवलीय?" मी डोळे पुसून विचारलं. आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला शिंपी माया म्हणतात.

"खाली साडेतीन इंच. बाहीला दोन," बाबा म्हणाले. "चर्चचे झगे पिढीभर चालतात. माणसं बदलतात. एखादा उंच निघतो."

"म्हणजे उसवून सोडता येईल."

"बावीस झगे? परवा तुझा पेपर आहे."

"म्हणूनच आत्तापासून."

"आणि समज, झाले," बाबा म्हणाले. "कात्रीचं मी बदललेलं नाही. आज चूक टेपची निघाली, उद्या डोळ्यांचीच निघेल. हे काम सुईचं आहे, सुईचं करतो. बाकी दुकान बंद म्हणजे बंद." फडक्यातली कात्री वर फळीवर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही, तसंही त्यांना ती दिसली नसती. पण मला कळलं, की झगे लांब होणं सोपं आहे. अवघड ती गाठ आहे, आणि ती बाबांनी स्वतः सोडल्याशिवाय कोणाच्या बोलण्याने सुटायची नाही.

संध्याकाळी तालमीला गेले ती मनाशी ठरवून. मास्तर पेटी उघडत होते. गाणं सुरू व्हायच्या आधी मी उभी राहिले आणि सांगितलं, की झगे बाबांनी वहीप्रमाणे अचूक कापले होते, चूक मापांत होती, मापं मी घेतली होती, आणि चुकीच्या टेपने घेतली होती. तुम्ही काल मनातल्या मनात ज्यांची कीव केलीत त्यांची नका करू. माझी करा.

कोणीतरी खोकलं. शिडीकाका म्हणाले, "तुझी कशाला करू? माझे मोजे साऱ्या चर्चने पाहिले, माझी कोण करणार?" सगळे हसले. रविवारी अडकलेलं हसू आज बाहेर आलं आणि मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

"उसवायला किती माणसं लागतील?" मास्तरांनी विचारलं.

मंगळवारी सकाळी साडेसातला आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर, शिडीकाका, गायनमंडळातल्या चार बायका. आईने रजा टाकली होती, जी ती ताप आला तरी टाकत नाही. मी वहीच्या मागच्या पानावर वेळापत्रक आखलं. उसवणं, ओलं फडकं लावून जुनी घडी मोडणं, नवी घडी, टाचण्या, तुरपाई. इस्त्री आईकडे. उसवणं शिडीकाकांकडे, कारण एवढे लांब हात दुसऱ्या कशाच्या कामाचे नव्हते. तुरपाई बाबा आणि बायका.

"आणि तू?" आईने विचारलं.

"मी पण तुरपाई."

"तू अभ्यास," बाबा म्हणाले. "पेपर बुडवून शिवलेला झगा मी चर्चमध्ये नेणार नाही."

"बाबा, चूक माझी आहे."

"चूक तुझी आहे म्हणूनच. एका चुकीसाठी दुसरी कशाला?"

भांडण वाढलं असतं, पण मास्तरांनी माझी प्रकाशशास्त्राची वही उचलली. "हात तुझे, कान तुझे," ते म्हणाले. "मी वाचतो, तू ऐक आणि टाके घाल."

मास्तरांनी चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवली आणि तेवढीच वर्षं चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचला. त्यांना दुसऱ्या कुठल्या आवाजात वाचताच येत नाही. "आणि जेव्हा प्रकाशकिरण," ते दोन्ही हात पसरून म्हणाले, "एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात प्रवेश करतो, तेव्हा तो आपली दिशा बदलतो."

"आमेन," शिडीकाका म्हणाले.

दिवसभर हेच चाललं. भिंगांची सूत्रं म्हणताना मी चुकले की मास्तर थांबत आणि साऱ्या बायका माझ्याकडे बघत. दुपारपर्यंत त्यांतल्या एकीला नाभीय अंतर म्हणजे काय हे माझ्याआधी यायला लागलं. डोळ्याचं भिंग गढूळ झालं की काय होतं तो भाग आला तेव्हा मास्तर अडखळले.

"वाचा," बाबा मान वर न करता म्हणाले. "माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मलाही कळू द्या."

मास्तरांनी वाचलं. भिंग गढूळ होतं, प्रकाश विखुरतो, उपाय सोपा, नवं भिंग बसवता येतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि टाका ओढला. त्यांची तुरपाई मी शेजारून पाहत होते. ते कापडाकडे बघतच नव्हते. डाव्या हाताचा अंगठा पुढे सरकायचा, सुई त्याच्या मागोमाग यायची, आणि टाका उजव्या बाजूने दिसायचाही नाही. तीन बायका मिळून जेवढं करत होत्या तेवढं ते एकटे करत होते. फक्त दोरा संपला की थांबायचे. सुईच्या नेढ्यात दोरा ओवणं, एवढीच एक गोष्ट त्यांच्या बोटांना जमत नव्हती. तेवढ्यासाठी कोणाला तरी हाक मारावी लागायची, आणि ती हाक मारताना त्यांचा आवाज दर वेळी थोडा खाली यायचा.

त्या दिवशी संध्याकाळी चौदा झगे झाले. आठ राहिले, त्यांना टाचण्या लावून झाल्या होत्या, तुरपाई तेवढी बाकी. बुधवारी पेपर दहा ते एक. मास्तरांना, शिडीकाकांना आणि बायकांना चर्चची सजावट, आईला रजा एकच दिवस. म्हणजे बुधवारी सकाळभर दुकानात बाबा एकटे.

बुधवारी मी पहाटे उठले. एकदा सगळी सूत्रं चाळली. मग दुकानात जाऊन सुयांची पुडी उघडली, दिव्याखाली बसले आणि एकेका सुईत पांढरा दोरा ओवून गाठ मारत गेले. तीस सुया. त्या जुन्या उशीत एका रांगेत टोचल्या, सगळ्यांचे दोरे एका बाजूला, गुंता होऊ नये इतक्या अंतरावर. एरवी मला सुईत दोरा ओवायचा प्रचंड कंटाळा येतो. त्या पहाटे आला नाही.

बाबा चहा घेऊन आले. मी त्यांचा हात धरून उशीवर ठेवला. त्यांनी बोटांनी पहिली सुई चाचपली, दुसरी, तिसरी, शेवटपर्यंत.

"किती?"

"तीस. कोणाला हाक मारायला नको."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि पहिली सुई उपसली. मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, "प्रश्न आधी पूर्ण वाच. मग लिही." हे ते मी पहिलीत असल्यापासून म्हणतात.

पेपरमध्ये भिंगांचा प्रश्न आला. उत्तर लिहिताना कानात मास्तरांचा आवाज येत होता आणि एका ठिकाणी हात आपोआप "आमेन" लिहायला निघाला होता. तो मी आवरला. एक वाजता घंटा झाली. दीड वाजता मी दुकानात होते. टेबलावर आठ झगे घडी करून ठेवलेले, उशीत चार सुया उरलेल्या, आणि बाबा स्टुलावर बसल्या बसल्या झोपलेले. फळीवर कात्रीचं गाठोडं जसंच्या तसं. मी ते खाली काढलं, हातात धरलं आणि पुन्हा ठेवून दिलं. ते मी सोडून चालणार नव्हतं. इस्त्री गरम केली आणि आठ झग्यांच्या नव्या कडांवरून फिरवत बसले.

नाताळच्या सकाळी चर्च भरलं होतं. बाबा नेहमी शेवटच्या बाकावर बसतात, खांबाच्या मागे. आपलं काम लोक बघत असताना आपण दिसू नये, असा त्यांचा नियम आहे. आम्ही मोठ्या दाराबाहेर दोन-दोनच्या रांगेत उभे राहिलो. पेटी सुरू झाली, दार उघडलं, आणि आम्ही गात गात मधल्या वाटेने आत चालू लागलो. मी शेवटच्या जोडीत होते. पुढे वीस झग्यांच्या कडा जमिनीपासून चार-चार बोटं वर, एका ओळीत हलत होत्या. मी त्या पाहिल्या आणि पहिल्या कडव्यातच माझा आवाज कापला.

मग मला बाबा दिसले. ते शेवटच्या बाकावर नव्हते. पुढे येऊन वाटेच्या कडेला, एका बाकाच्या टोकाशी गुडघे टेकून बसले होते, मान खाली घालून. त्यांना तसं पाहून मागच्या बाकावरच्या आजी दचकल्या आणि गुडघ्यांवर आल्या, मग त्यांच्या शेजारची बाई, मग अख्खा बाक. आपल्याला कळलं नाही तरी आता गुडघे टेकायची वेळ आली असणार, अशी सगळ्यांची समजूत झाली. आई तेवढी ताठ बसून होती आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबत होती.

बाबा प्रार्थना करत नव्हते. आपल्या बाजूने जाणाऱ्या प्रत्येक झग्याची कड ते दोन बोटांतून सरकू देत होते. एक जण गेला की दुसरा. ओठ हलत होते. ते मोजत होते. शिडीकाका गेले तेव्हा बोटं क्षणभर थांबली आणि मग पुढे झाली.

मी आले. माझी कड त्यांनी धरली आणि सोडलीच नाही. रांग पुढे सरकत होती, आणि मी एका पायावर, तोंडाने गात.

"शिडीचा उजवीकडे पाव इंच जास्त उतरलाय," ते खाली मान घालूनच कुजबुजले. "ती तुरपाई माझी नाही."

ती माझी होती. मास्तर परावर्तन वाचत होते तेव्हाची. मी गातच मान हलवली.

"सोमवारी दुकानात घेऊन यायला सांग त्याला," बाबा म्हणाले, आणि माझी कड सोडली. "आणि घरी गेलो की ते फडकं सोडायला मला मदत कर. गाठ मी फार घट्ट मारलीय."